उलट दिशेची आबाधा

धुळ्याला भाचीकडे गेलो होतो. अकरावीच्या वहीत तिने १७ आणि १० या दोन सदिश राशींची बेरीज २७ केली होती आणि त्यावर लाल फुली होती. माझ्याही वहीत अशीच फुली पडली होती. पुढे मी विज्ञानशाखाच सोडली. उत्तर मला कळले ते पुष्कळ वर्षांनी, चाळीसगावजवळच्या पाटणच्या नादाने.

पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे मठ काढला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. आचार्यांचे विज्जलवीड कोणते, या वादात मी शिरत नाही. नातवाची पाठशाळा खानदेशात होती, एवढे दगडावर आहे.

त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’त एक त्रिकोण आहे : भुजा १७ व १०, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला की पायाचे जे दोन भाग होतात त्या आबाधा. भुजांच्या वर्गांतला फरक १८९, त्याला ९ ने भागले की २१. हा आबाधांचा फरक. पण ९ मधून २१ जातात कसे? आचार्य २१ मधूनच ९ वजा करतात, उरलेल्या १२ चे निम्मे ६ घेतात आणि सांगतात, ही आबाधा ऋण, म्हणजे उलट दिशेची. दुसरी १५. लंब ८, पायाच्या बाहेर पडणारा.

भाचीला म्हटले, हाच त्रिकोण चालून बघ. १७ पावले तिरके गेलीस : १५ पूर्वेला, ८ उत्तरेला. मग १० पावले : ६ पश्चिमेला, ८ दक्षिणेला. उत्तर-दक्षिण फिटले. पूर्वेचे १५, त्यातून ६ गेले. पाय सत्तावीस पावले दमले, घरापासून अंतर नऊच.

भास्कराचार्यांनी सदिश शोधले, असे मात्र मी म्हणणार नाही. खानदेशी अभिमानाने कुणी म्हटले तरी ते खरे नव्हे. बलांची अशी बेरीज न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात नियम म्हणून येते. आचार्यांपुढे भूमिती होती. ‘बीजगणिता’तल्या वानरांच्या उदाहरणात तर ऋण संख्या लोकांना पटत नाही म्हणून ते एक उत्तर सोडून देतात. त्रिकोणात तसे केले नाही, कारण तिथे ऋणाला जमिनीवर जागा होती.

भाचीच्या गणितात दोन राशींमध्ये काटकोन होता. तिने स्वतःच भुज-कोटी-कर्ण मांडले : २८९ अधिक १००, वर्गमूळ सुमारे १९.७.