कूलिंग डिग्री डे म्हणजे काय? एसी घेण्याआधी हा आकडा मोबाईलवर काढून बघा

एप्रिलमध्ये अकोल्याहून बाबांचा फोन आला. "अगं, एसी एक टनाचा घेऊ की दीड? तू इंजिनिअर ना, सांग." मी सॉफ्टवेअरवाली, एसीतलं मला काय कळणार! पण प्रश्न आजीचा होता. ती वरच्या मजल्यावर झोपते आणि दोन उन्हाळे झाले, तिला रात्रभर झोप नाही. म्हणून बसले वाचायला. त्यात सगळ्यात उपयोगी सापडला तो एक साधा आकडा: कूलिंग डिग्री डे.

हिशोब तोंडी होतो. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, सरासरी काढा, त्यातून एक ठरलेलं 'आरामाचं' तापमान वजा करा. आपण २४ धरू. (अमेरिकेत ६५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १८ अंश धरतात. आपण तेवढे लाडावलेले नाही.) समजा अकोल्यात मे महिन्यात कमाल ४२, किमान २८. सरासरी ३५, वजा २४, म्हणजे त्या दिवसाचे ११ डिग्री डे. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य धरायचं. वर्षभराची बेरीज केली की तुमच्या गावाला थंडाव्याची किती गरज आहे याचा अंदाज येतो. थंड प्रदेशात हेच उलटं मोजतात, त्याला हीटिंग डिग्री डे म्हणतात.

एक अंशाने काय होतं?

पुण्यातल्या हवामानशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि केंद्र सरकारने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वरचा हिशोब एक अंश वाढवून करा. अकोल्यात ११ चे १२ होतात. आता पुण्याचा ऑक्टोबर घ्या, समजा कमाल ३२, किमान १९. सरासरी साडेपंचवीस, म्हणजे दीड डिग्री डे. एक अंश वाढला की अडीच! मे तर आधीच तापलेला असतो. जिथे काल पंख्यावर भागत होतं त्या महिन्यांत गरज झपाट्याने वाढते. थोडक्यात, उन्हाळा वर जाण्यापेक्षा जास्त लांबतो.

जर्मनीसारख्या देशात तराजूच्या दोन बाजू आहेत. हिवाळ्यातलं हीटिंग थोडं कमी होतं, उन्हाळ्यातलं कूलिंग वाढतं. तिथली घरं उष्णता आत धरून ठेवायला बांधलेली आणि बहुतेकांकडे एसी नाही. २००३ च्या लाटेत युरोपात हजारो माणसं गेली. आपल्याकडे महाराष्ट्रात हीटिंगची बाजू जवळजवळ नाहीच. फार तर गिझर थोडा कमी चालेल. त्यामुळे वाचण्यासारखं काही नाही, फक्त वाढणारच आहे. २०१९ च्या इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनचा अंदाज आहे की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची कूलिंगची मागणी आठपट होईल.

या आकड्यात न दिसणारी गोष्ट: दमटपणा

हे मी स्वतःच्या पैशाने शिकले. नोकरीसाठी ठाण्यात आले तेव्हा अकोल्याच्या सवयीने पहिल्या पगारात कूलर घेतला. आठवड्यात उशी, चादर, वह्या, सगळं चिकट. चूक कूलरची नव्हती. कूलर पाण्याचं बाष्प करून हवा थंड करतो आणि तो हवेला 'वेट बल्ब' तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हे तापमान २२ च्या आसपास येतं, म्हणून विदर्भात कूलर राजा. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत ते २८ च्या वर असतं. म्हणजे ठाण्यात फक्त खोलीत पाणी भरायचं. आणि हो, अकोल्यातही कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तोही ठाण्यासारखाच वागतो.

एसीवरचे स्टार कसे वाचायचे

लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते लिहिलेलं असतं. तो आकडा १,६०० तासांसाठीचा आहे, म्हणजे रोज आठ तास, २०० दिवस. तुमच्याकडे फेब्रुवारीअखेर ते जून, मग पुन्हा ऑक्टोबर असा एसी चालू लागला, तर तास वाढणार. शिवाय एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरच ४४ असेल तर त्याला जास्त दम लागतो. महावितरणचे दरही टप्प्यांचे आहेत, १०० च्या वरची आणि ३०० च्या वरची युनिटं जास्त महाग पडतात.

१ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, तो नियम आहे. रिमोट हातात आल्यावर आपण १८ करतो, तो भाग वेगळा. सेटिंग एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २६ ठेवून पंखा लावा. बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, जुना ७५.

मग आजीचं काय?

मी बाबांना रात्री अकरा वाजता वरच्या आणि खालच्या खोलीचं तापमान मोजायला लावलं. वरची खोली पाच अंशांनी जास्त! काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो. म्हणून वेदर अ‍ॅपमध्ये सगळे कमाल तापमान बघतात, तुम्ही किमान बघा. रात्र थंड झाली नाही तर स्लॅब रिकामा होत नाही, दुसऱ्या दिवशी आधीच भरलेल्यावर ऊन पडतं. वयस्क माणसांच्या शरीरालाही सावरायला वेळ मिळत नाही.

असल्या छताखाली दीड टन घेतला तरी तो निम्मा वेळ स्लॅबशीच भांडेल. म्हणून आधी गच्चीला चुना, पांढरा रंग ऊन परतवतो. जुन्या लोकांना हे माहीतच होतं, आम्ही मध्येच विसरलो.

पहिला हात गेल्या रविवारी झाला. दुसरा सुकला की पुन्हा रात्री अकराचं तापमान मोजायचं आणि मग टन ठरवायचा. कूलर मात्र काढायचा नाही, असं आजीने आत्ताच बजावलंय.