तळटीप १२ : चाळीस दिवसांचा उपास

१२. चाळीस दिवसांचा उपास : रत्नागिरीतील ख्रिस्ती शेजाऱ्यांचा जो उपास लेखकाने वर्णिला आहे, तो राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या पूर्वदिनापर्यंतचा होय, पंचांगाने ही मुदत ४६ दिवसांची भरते, परंतु पुनरुत्थानाचे वार म्हणून सहा रविवार हिशेबातून वजा केले असता नेमके ४० उरतात. नोहाच्या काळचा पाऊस, सिनाय पर्वतावरील मोशेचा निवास आणि अरण्यातील येशूचा उपास हे सर्व बायबलात चाळीस दिवसांचेच सांगितले असल्यामुळे, टीकाकारांनी ही संख्या कसोटीची व शुद्धीची मानली. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी तर चार म्हणजे प्रहर व ऋतू यांनी मोजला जाणारा काळ, दहा म्हणजे स्रष्टा व सृष्टी यांचे ज्ञान, आणि उभयतांचा गुणाकार म्हणजे ज्ञानपूर्वक ऐहिक सुखांपासून अलिप्त राहणे, अशी फोड केली असून, संपादकास ती फार मनोहर वाटते. मुसलमान कुटुंबांतील मृताच्या चाळिसाव्याशी या उपासाचा संबंध जोडू नये. येशूचे चरित्र मराठी पद्यात वाचू इच्छिणाऱ्यांनी, याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ अवश्य पाहावे. – संपादक