वर्दी कोठे अडली?



कामगार संघटनेच्या माणसाने अग्निबाणाच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण ही गोष्ट अग्निबाणाची कमी आणि निरोपाची अधिक आहे.

ता. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटले. आतली सातही माणसे गेली. अग्निबाणाच्या सांध्यातले रबरी कडे थंडीने ताठरले होते. हा धोका कोणालाच ठाऊक नव्हता असे मात्र नव्हे. अग्निबाण बनविणाऱ्या थायोकोल कंपनीतील रॉजर बोइजोली या इंजिनिअरने जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता.

उड्डाणाच्या आदल्या रात्री यूटातील कंपनी, अलाबामातील नासाचे मार्शल केंद्र आणि फ्लॉरिडातील उड्डाणतळ अशी तीन ठिकाणची माणसे टेलिफोनवर बोलू लागली. इंजिनिअरांचे म्हणणे, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको. मार्शलच्या अधिकाऱ्यांना ते रुचेना. तेव्हा कंपनीने आपसांत बोलण्यास पाच मिनिटे मागून घेतली. त्यांचा अर्धा तास झाला. शेवटी कौल दिला तो चार वरिष्ठांनी. इंजिनिअर त्याच खोलीत बसले होते, त्यांना कोणी विचारले नाही. लेखी संमती रवाना झाली.

येथवर हा मालक-नोकरांचा नेहमीचा मामला झाला. विचार करण्याजोगे आहे ते पुढेच. परवानगीच्या पायऱ्या चार. कंपनी चौथीवर, मार्शल तिसरीवर, दुसरीवर आर्नल्ड ऑल्ड्रिच, पहिलीवर जेसी मूर. या वरच्या दोघांना रात्रीच्या वादाची वार्ताही नव्हती! प्रश्न आमच्याच पायरीवर मिटला होता, अशा अर्थाची साक्ष मार्शलच्या अधिकाऱ्यांनी पुढे चौकशी आयोगासमोर दिली. खोटे बोलण्याची कोणाला गरजच पडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरचे राज्य होते तोवर कामगारांच्या कितीतरी तक्रारी अशाच वाटेत 'मिटत'. उशिराचा जाब ज्याला द्यावा लागणार, त्याच्याच हातून अडचणीची वर्दी वर जायची, अशी ती वाट होती.

जून १९८६ मध्ये आयोगाने निर्णयाची ही रीतच सदोष ठरविली. पुष्कळ नियम बदलले. पुढे जानेवारी २००३ मध्ये 'कोलंबिया'च्या पंखावर उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा आदळला. इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाची छायाचित्रे मागितली. मागणी ठरलेल्या वाटेने आली नव्हती. वरिष्ठांनी ती रद्द करविली. १ फेब्रुवारीस परतताना यान फुटले. त्यातल्या सात जणांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या.