सोलापूरचे तीन दिवस आणि विद्यार्थ्याचे तीन प्रश्न

प्रस्तावना

चिकित्सक विचार हा अलीकडच्या शैक्षणिक चर्चेतील परवलीचा शब्द झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला शिक्षणाच्या मूलभूत तत्त्वांत स्थान दिले. प्रत्यक्षात मात्र हा विषय व्याख्या, वैशिष्ट्ये व महत्त्व या क्रमाने शिकविला जातो आणि उत्तरपत्रिकेतच संपतो. वस्तुतः विद्यार्थी जे रोज ऐकतो, पाहतो आणि खरे मानतो, त्याची पारख करण्याची सवय म्हणजे चिकित्सा होय. सोलापूरच्या विद्यार्थ्याला अशी पारख करण्यासाठी सर्वांत जवळचा विषय मे १९३० चा इतिहास हा आहे. या इतिहासाच्या आधारे चिकित्सेची सवय कशी लावता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटना आणि तिची स्मृती

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. त्याच सुमारास सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविण्यात आला. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगारांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. चिडलेल्या जमावाने पोलिस चौकीवर हल्ला केला व न्यायालयाची इमारत जाळली. पोलिसांनी शहरातून माघार घेतली. पुढे १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

या घटनाक्रमातून शहराच्या स्मृतीत दोन विधाने रुजली आहेत. ९ ते ११ मे १९३० या काळात सोलापूर स्वतंत्र होते, हे पहिले. नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकविण्याचा पहिला मान देशात सोलापूरला मिळाला, हे दुसरे. शाळेतील भाषणे, स्मृतिदिनाचे कार्यक्रम, स्पर्धा परीक्षांची टिपणे आणि आता भ्रमणध्वनीवरील संदेश यांतून विद्यार्थी ही विधाने वर्षानुवर्षे ऐकतो. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून त्याची रोजची ये-जा असते. मात्र ही विधाने कशावरून केली जातात, असे त्याला सहसा कोणी विचारीत नाही.

शब्दाचा प्रश्न

पहिला प्रश्न शब्दाचा आहे. ‘स्वतंत्र’ म्हणजे काय? त्या तीन दिवसांत पोलिस शहरात नव्हते आणि शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी शांतता व सुव्यवस्था राखली, असे सांगितले जाते. हे खरे धरले, तरी रेल्वे, तारघर व सरकारी खजिना कोणाच्या ताब्यात होता, करवसुली व न्यायदान कोण करीत होते, हे विचारावेच लागते. सत्तेची माघार आणि सत्तेचे हस्तांतर या भिन्न गोष्टी आहेत. सरकारने ज्या दिवसांना दंगलीचे दिवस म्हटले, त्यांनाच शहराने स्वातंत्र्याचे दिवस म्हटले. दोन्ही शब्दांमागे त्या त्या पक्षाची भूमिका आहे. ती ओळखता येणे हा चिकित्सेचा पहिला धडा होय.

काळाचा प्रश्न

दुसरा प्रश्न काळाचा आहे. नगरपालिकेवर फडकलेला ध्वज म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आजचा अशोकचक्रांकित तिरंगा येतो. परंतु तो ध्वज २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारला. १९३० साली प्रचलित असलेल्या ध्वजावर पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे आणि चरखा होता. केशरी पट्टा असलेला ध्वज काँग्रेसने १९३१ साली स्वीकारला. तपशील लहान आहे. पण आजचे चित्र कालच्या घटनेवर किती सहज बसविले जाते, हे त्यातून विद्यार्थ्याला स्वतःच उमगते. ‘पहिला’ या शब्दाचेही तसेच आहे. इतर नगरपालिकांशी तुलना केल्याखेरीज तो सिद्ध होत नाही. ती तुलना कोणत्या कागदांवरून करावयाची, हे विचारताच विद्यार्थी ठराववह्या व तत्कालीन वृत्तपत्रांकडे वळतो.

साक्षीचा प्रश्न

तिसरा प्रश्न साक्षीचा आहे. अस्सल कागदावाचून इतिहास लिहू नये, हा आग्रह वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रात रुजविला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. मात्र कागदालाही पक्ष असतो. सोलापूरच्या बाबतीत कागदांचा मोठा भाग राज्यकर्त्यांनी निर्माण केलेला आहे. कामगारांच्या वस्त्यांतील आठवणी मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड व उर्दू भाषांतून घरोघरी सांगितल्या गेल्या. या भाषा ज्यांच्या घरी बोलल्या जातात, असे विद्यार्थी सोलापूरच्या वर्गांत आजही बसतात. आजोबांनी ऐकलेली गोष्ट व सरकारी अहवाल समोरासमोर ठेवून दोहोंना सारखेच प्रश्न विचारणे त्यांना शक्य आहे. आठवण आपुलकीची म्हणून खरी ठरत नाही आणि अहवाल छापील म्हणूनही खरा ठरत नाही.

आदर आणि चिकित्सा

अशा प्रश्नांमुळे हुतात्म्यांचा अनादर होईल, ही शंका अनेकांच्या मनात येते. ती समजण्यासारखी आहे. ज्या शहराने चार माणसे फासावर जाताना पाहिली, त्याची भावना हळवी असणारच. परंतु या प्रकरणात चिकित्सेचा अभाव कोणाला भोवला, हे पाहिले पाहिजे. सरकारी साक्ष ग्राह्य धरली गेली आणि चौघांचे प्राण गेले. धनशेट्टी यांनी जमावाला आवरण्याचा प्रयत्न केला होता, असे शहर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहे. हे सांगणे सिद्ध करावयाचे, तर कोणाची साक्ष, कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या दबावाखाली दिली गेली, हेच विचारावे लागेल. म्हणजेच, आज गैरसोयीचे वाटणारे प्रश्नच हुतात्म्यांच्या बाजूने उभे राहू शकतात. चिकित्सा ही श्रद्धांजलीच्या विरोधात नाही. ती श्रद्धांजलीची अधिक कष्टाची रीत आहे.

याउलट प्रश्न दडपले, तर विद्यार्थ्याला दोनच सवयी लागतात : समोर येईल ते गिळणे किंवा प्रत्येक गोष्टीची टवाळी करणे. पहिली सवय भाबडेपणाची, तर दुसरी आळसाची आहे. भ्रमणध्वनीवर क्षणात पसरणाऱ्या अफवांच्या काळात या दोन्ही सवयी समाजाला महाग पडतात.

समारोप

यासाठी नवा अभ्यासक्रम वा स्वतंत्र निधी आवश्यक नाही. एका वर्गाने वर्षभरात शहराविषयीचे एकच प्रचलित विधान निवडावे, ते प्रथम कोठे आढळते याचा शोध घ्यावा, अनुकूल व प्रतिकूल पुरावा मांडावा आणि ‘अनिर्णित’ हा निष्कर्षही मान्य करावा, एवढे पुरेसे आहे. मात्र त्यासाठी अध्यापकाने प्रथम स्वतःच्या तोंडी असलेली विधाने तपासली पाहिजेत. पुतळ्यांना वाकून नमस्कार करणारा आणि घरी येऊन जुने कागद उलगडणारा विद्यार्थी एकच असू शकतो. असा विद्यार्थी घडविणे हे सोलापूरच्या महाविद्यालयांचे त्या चौघांप्रती असलेले ऋण आहे.