अन्नावरील हिरवा ठिपका

पण्य पदार्थांवर मुद्रा उमटविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत मुद्रा नसलेल्या मालास दुप्पट शुल्क व खोट्या मुद्रेच्या मालास शुल्काच्या आठपट दंड सांगितला आहे. औषध, तेलतूप, मीठ, धान्य इत्यादिकांत हीन द्रव्य मिसळणारास याज्ञवल्क्यानें सोळा पण दंड ठरविला. परंतु हे नियम राजाचें उत्पन्न व मालाचा कस यांसाठीं होते. पदार्थ खाणाराच्या आचारास चालेल कीं नाहीं, याचा निर्णय विक्रेत्याच्या ओळखीवरच होत असे.

कारखान्याचें बंद पुडकें आलें आणि ही ओळख तुटली. आंत काय आहे हें विचारण्याची चळवळ मग उभी राहिली. मुंबईंत इ. स. १९६६ मध्यें कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी व १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत निघाली. पुण्यास १९७४ मध्यें डायना रत्नागर यांनीं ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’चें कार्य आरंभून प्राणिजन्य द्रव्यांवर खूण असावी असा आग्रह धरिला. इ. स. २००० मध्यें मांसजन्य पदार्थांवर तपकिरी व २००१ मध्यें शाकाहारी पदार्थांवर हिरवी खूण सक्तीची झाली. औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांवरही ती असावी, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००२ चा आदेश मात्र सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें रद्द केला.

या खुणेची व्याख्या अभ्यासकांनीं अवश्य पाहावी. इ. स. २०२० च्या नियमांत दूध, मध व लाख हीं मांसाहारी द्रव्यांतून वगळलीं आहेत. मनुस्मृतींत ब्राह्मणास पतित करणाऱ्या विक्रयांत मांस व लाख एकाच श्लोकांत येतात. जैन आचारांत मध वर्ज्य आहे. अर्थात् ही रेषा कोणत्याही एका शास्त्राची नव्हे. अनेक आचारांच्या लोकांनीं एकत्र राहतांना केलेली ती तडजोड आहे. ती सर्वांस पुरली नाहीं, म्हणूनच २०२२ मध्यें दूध-मधही वर्ज्य करणारांच्या अन्नासाठीं निराळे नियम झाले. शिवाय ठिपका पदार्थाचें मूळ सांगतो; तो पिकविणारास वा बांधणारास योग्य मोल मिळालें कीं नाहीं, याविषयीं तो मुका आहे.

आज जोगेश्वरीच्या कोणत्याही वाण्याच्या दुकानांत ही मुद्रा दिसते, आणि सायंकाळीं तीच केरांत जाते. ताम्रपट टिकला, कारण तो तांब्याचा होता. पुडक्याचा कागद टिकणार नाहीं. खूण नसलेलीं, तपकिरी वर्तुळाचीं व पुढें त्रिकोणाचीं आवेष्टनें, तसेंच ग्राहकसंस्थांचीं पत्रकें, संग्राहकांनीं तारीख घालून पोथ्यांशेजारीं ठेवावीं. आपण काय खात होतों याहून काय खाण्यास कचरत होतों, हें पुढील संशोधकास त्यांतूनच कळेल.