शब्दवेध : उदास

संस्कृतात ‘आस्’ म्हणजे बसणे. त्याला ‘उद्’ जोडून झालेला उदासीन म्हणजे अलिप्त, बाजूला बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताचा गुण आहे. संतांच्या मराठीतही ‘उदास’ म्हणजे विरक्तच. पुढे कधीतरी ही विरक्ती मावळली आणि खिन्नता उरली.

विरक्ती आपण निवडतो; नैराश्याच्या आजारातला उदासपणा मात्र आपण निवडलेला नसतो. वऱ्हाडातला माणूस डॉक्टरला ‘मले नैराश्य आलं’ असं सहसा सांगत नाही. तो म्हणतो, ‘करमत नाही, झोप लागत नाही, आंग दुखते.’ निदानाची सुरुवात या तक्रारींपासूनच व्हायला हवी. नैराश्याच्या निदानासाठी खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक तरी लक्षण हवे. झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार अशी मिळून नऊपैकी किमान पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज. कापूस गेला, कर्ज फिटले नाही, मग उदास होणारच, असे म्हणून ही लक्षणे झटकून टाकणे मला घातक वाटते. कारण समजले म्हणून आजार नाहीसा होत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य प्रकल्पाने लक्षणे ओळखून मदत देण्याचे हे काम दारापर्यंत नेले. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते लक्षणे समजावत, समुपदेशन होई, गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले जाई. 2017 साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले : नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले होते.