रायवळ आणि कलम

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे कावेरीच्या खोऱ्यातले गाव. त्या मुलखात ज्याला ‘बदामी’ म्हणतात, तो आंबा कोकणातल्या मनुष्याच्या हाती दिला तर तो त्यास बेधडक हापूस म्हणेल. आणि त्याचे म्हणणे खोटे ठरणार नाही. माती निराळी, पाऊस निराळा, म्हणून स्वादात भेद पडेल एवढेच. देवगडचा हापूस व म्हैसूरकडचा बदामी हे मुळात एकाच झाडाच्या फांद्यांचे वंशज आहेत. हे ज्या युक्तीने साधले तिला कलम म्हणतात. कलमाचे कौतुक सर्वत्र होते. पण ज्या झाडांतून त्याची निवड झाली, त्या रायवळ आंब्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

कोय रुजून वाढलेले झाड ते रायवळ. आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच अंकुर असतो आणि तो दोन झाडांच्या परागसंयोगातून जन्मलेला असतो. त्यामुळे मधुर आंब्याची कोय पुरली तरी येणारे फळ मधुर असेलच असे नाही. प्रत्येक रायवळ झाड ही एक स्वतंत्र जात होय. युरोपातील गोड चेरीचीही हीच कथा आहे: रानातल्या असंख्य झाडांतून माणसाने एखादे उत्तम झाड हेरले आणि कलमाने त्याचा वंश चालविला. कोकणात अशा झाडांना घरोघर नावे पडली. कोणाचा साखऱ्या, कोणाचा खोबऱ्या, तर शेपूचा वास येतो म्हणून कोणाचा शेपू. एक आंबा रसाचा, एक लोणच्याचा, एक केवळ चोखून खाण्याचा. बाबराने आपल्या आत्मचरित्रात आंब्याची स्तुती केली, परंतु खरोखर उत्तम आंबे थोडेच असतात, अशी पुस्तीही जोडली. ते रायवळांचेच युग होते.

या झाडांची किंमत मराठी राज्यकर्त्यांनी ओळखली होती. 1716 च्या सुमारास लिहिलेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार आला आहे. आंबा, फणस ही झाडे जहाजाच्या कामी उपयोगी खरी. पण ती वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे. आरमाराची निकड असतानाही राज्याने रयतेच्या झाडाला जपावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

कलमाची कथा गोव्याकडून येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली जेझुइट पाद्र्यांनी तेथे आंब्याची कलमे बांधण्यास चालना दिली, असे मानले जाते. निवडलेल्या झाडाची फांदी न तोडता कुंडीतल्या रोपाशी बांधावयाची आणि दोहोंचा जीव एक झाला म्हणजे वेगळी करावयाची. हेच आपले भेट कलम. हापूसचे नाव गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कवरून पडले, असे पुष्कळदा सांगतात. परंतु त्याने गोवा घेतला 1510 मध्ये आणि तो वारला 1515 मध्ये. कलमी जातींचा बोलबाला त्यानंतरचा आहे. व्हेनिसचा प्रवासी मनूची याने अठराव्या शतकाच्या आरंभी गोव्याच्या उत्तम आंब्यांची यादी दिली, तीत ‘निकुलाव आफोन्सो’चा आंबा आढळतो. यादीतील इतरही काही नावे माणसांचीच आहेत. तेव्हा हापूसच्या नावामागे एखादा सेनापती नसून बागेचा धनी असावा, हेच अधिक संभवनीय दिसते.

कलमाने गुण स्थिर केला, पण नवा गुण निर्माण करणे त्याच्या हाती नाही. ते काम कोयीचे. 1889 मध्ये हिंदुस्थानातून मलगोव्याची कलमे अमेरिकेतील फ्लोरिडात गेली. त्या मलगोव्याच्या कोयी 1902 मध्ये हेडन नावाच्या गृहस्थाने रुजविल्या. त्यांतील एका झाडाला लालबुंद, देखणे फळ आले आणि ‘हेडन’ ही जात जगभर पसरली. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात 1981 मध्ये प्रसारित केली. हापूसला सतावणारा साका तीत नाही. दोन्ही ठिकाणी नवेपण आले ते बीजातूनच.

आज कोकणात डोंगरउतारांवर कलमांच्या बागा उभ्या आहेत. त्यांतून लाखोंचा संसार चालतो, हे निर्विवाद आहे. पण एकाच झाडाच्या फांद्या असल्यामुळे त्यांचे गुण एक, तसेच दोषही एक. बांधावरचा जुना रायवळ मात्र जळणासाठी, फळ्यांसाठी तोडला जातो, आणि त्याच्याबरोबर दुसरीकडे कोठेही नसलेली एक चव कायमची जाते. वस्तुतः कोय कलम बांधताना खालचे रोप रायवळाच्या कोयीचेच घेतात. हापूस वर फळतो तो रायवळाच्या मुळांवर. अमात्यांच्या काळी ज्या झाडाला राज्याच्या निकडीपासून अभय मिळाले, त्याला आज बाजाराच्या निकडीपासून अभय देणे हे त्याच्या धन्याच्याच हाती आहे.